नाताळ, गावदेवी आणि दोन कोंबडे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने मोबाइलच्या गजराला कोंबड्याचं आरवणं लावलंय. डिसेंबरात पंखे बंद असतात, त्यामुळे ते पहाटे थेट माझ्या उशाशी ऐकू येतं. खणखणीत, रोज तेवढंच, एका सुराचाही फरक नाही. खरा कोंबडा असा आरवत नाही. तो आधी घसा साफ करतो, मध्येच सोडून देतो, शेजारच्याने उत्तर दिलं तर इरेला पेटतो आणि थंडी फार असली तर कंटाळतो. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण लग्नानंतरचे काही डिसेंबर मी बदलापूर गावात, सासरच्या परसात, कोंबड्यांच्या दिमतीला काढले आहेत.

ते दिवस नव्वदच्या आसपासचे. नदीकडून धुकं यायचं आणि परसातल्या केळीपर्यंत येऊन थांबायचं. भात झोडून झालेलं असायचं, पेंढ्याची उडवी रचलेली असायची, आणि सगळ्या गावाला त्या पेंढ्याचा गोडसर वास लागलेला असायचा. मी खुराड्यासमोर उकिडवी बसून फळी बाजूला सारायचे. आतून आधी एक ऊबदार, आंबूस वाफ बाहेर यायची, मग कोंबड्या. घाई नाही, धक्काबुक्की नाही. म्हातारी लंगडी कोंबडी पहिली, तिच्यामागे अंड्यावरच्या, मग नुकत्या वयात आलेल्या तलंगा, आणि शेवटी कोंबडे, पाहुण्यांसारखे इकडेतिकडे बघत. इतकी शिस्त मी माणसांच्या पंगतीतही पाहिलेली नाही.

मी माहेरची उल्हासनगरची, कॅम्प एकमधली. आमच्या गल्लीत कोंबडी म्हणजे दुकानातल्या जाळीतली. ती जमिनीवर चालते, तिला मूड असतो, ती रुसते, हे मला सासरी कळलं. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी खुराडं माझ्या ताब्यात दिलं. सासूबाई म्हणजे आगरी घरातल्या, उंच, काटक, बोलण्यात तिखट. त्या म्हणाल्या, "तुला हिशोब बरा येतो ना? मंग कोंबऱ्या सांबाल. त्यांना बी येतो."

मी सांभाळल्या. आवडीने सांभाळल्या. सकाळी कोंडा आणि कण्या कोमट पाण्यात कालवायच्या, फार पातळ नाही, नाहीतर पाय घालून चिखल करतात. पाण्यात ठेचलेली लसूण. चुलीतली राख परसाच्या कोपऱ्यात, त्यांना लोळायला. थंडी वाढली की खुराड्यावर गोणपाट, पण दारावर नाही, कारण आत कोंडलं की त्यांचे डोळे येतात. दुपारी आकाशात शिक्रा फिरत असेल तर ताट वाजवायचं. संध्याकाळी मुंगसासाठी फळीला दगड लावायचा. खुडूक झालेली कोंबडी असेल तर तिला अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्याखाली अंड्यांवर बसवायचं आणि तिच्या जवळ मोठ्याने बोलायचं नाही. हे सगळं पाठ झाल्यावर मला असा आनंद व्हायचा, जसा नीट आवरलेलं कपाट बघून होतो. आणि थंडीत अंडं हातात घ्यायचं सुख वेगळंच. नुकतं घातलेलं, किंचित ओलसर, गरम. मी ते गालाला लावायचे. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याही लावत होत्या.

नाताळ जवळ आला की आमच्या परसाला दिवाळीसारखं रूप यायचं. मार्गशीर्षाच्या गुरुवारांमुळे गावातलं अंड्यांचं गिऱ्हाईक कमी व्हायचं, आणि नेमकी त्याच वेळी अंबरनाथ-उल्हासनगरची ख्रिस्ती मंडळी यायची. कारखान्यातले फिटर, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर. कोणाला केकसाठी गावठी अंडी हवीत, कोणाला नाताळच्या जेवणासाठी कोंबडा. केक हा प्रकार सासूबाईंना पटलेला नव्हता. "एवरी अंडी घालून शेवटी शिराच ना?" असं त्या विचारायच्या, आणि कोणी तुकडा दिला की पदराच्या टोकाला बांधून घरी आणायच्या, सगळ्यांना चिमूट चिमूट वाटायच्या, आणि म्हणायच्या, "शिराच हाय."

एवढ्या मागण्या, मग गोंधळ होणारच. मी माहेरहून, कॅम्पातल्या शिलाईच्या कारखान्यांमागे पडणाऱ्या रंगीत चिंध्या आणल्या आणि कोंबड्यांच्या पायांना बांधल्या. हिरवी म्हणजे सांगून ठेवलेला. पिवळी म्हणजे विकायचा नाही, वाणाचा, पैदाशीसाठी राखलेला. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ही काय शाला हाय? गणवेश घातलंस त्यांना?"

"चुकायला नको, आई."

"चुकतील कशाला? मी तोंड बघून वलखतंय."

आमच्या कोंबड्यांपैकी एक दर नाताळला अंबरनाथला जायचा, तो मात्र विकलेला नसायचा. तो मार्थाबाईंचा. मार्थाबाई वसईकडच्या, पूर्वी गावच्या दवाखान्यात सुईण-नर्स होत्या. माझा नवरा, प्रकाश, जन्मताना आडवा आलेला, भर पावसात, कंदिलाच्या उजेडात. मार्थाबाईंनी त्याला सोडवला. त्या वर्षीपासून नाताळला त्यांच्याकडे आमच्या परसातला कोंबडा गेला नाही असं झालेलं नाही. त्या अंबरनाथला राहायला गेल्या तरी कोंबडा जात राहिला. आणि तिकडून कुलकुलांचा, शिंपल्यासारख्या वळून तळलेल्या त्या गोड खाऊचा, डबा यायचा.

ज्या नाताळची ही आठवण आहे, त्या वर्षी मला सहावा महिना होता. त्याआधीचं बाळ राहिलं नव्हतं. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही. मीही नाही. मी खुराडं झाडायचे, अंडी भाताच्या तुसात रचायचे, आणि पोटात हालचाल झाली की हातातलं काम थांबवून ती संपेपर्यंत तशीच उभी राहायचे. सासूबाईंनी मला न सांगता गावदेवीला कोंबडा कबूल केला होता. पौषात द्यायचा. एका कोंबडीखाली निघालेले दोन भाऊ होते, दोघेही काळे, मानेवर तांबूस झाक, तुरा सारखाच. त्यातला एक देवीचा, त्याच्या पायात तांबडी चिंधी. दुसरा मार्थाबाईंचा, त्याला हिरवी. ओळखण्यासारखा फरक एकच: देवीचा कोंबडा आरवायला बसला की त्याचा आवाज मध्येच तुटायचा, सायकलची चेन पडल्यासारखा. मार्थाबाईंचा मात्र वेशीपर्यंत ऐकू जायचा.

नाताळच्या दोन-चार दिवस आधी खुराड्यात उवा झाल्या. सासूबाईंनी धुरी द्यायचं ठरवलं. कडुलिंबाचा पाला, वाळलेली तंबाखूची पानं, थोडा गंधक. मला त्या धुराजवळ येऊ देईनात. "तू लांब बस पोरी, तुझ्या आतल्याला खोकला लागंल." मी पडवीत बसून बघत होते. त्यांनी एकेकाला धरलं, पायातल्या चिंध्या सोडल्या, त्याही उवांच्या म्हणून उकळत्या पाण्यात घातल्या, कुंपणावर वाळत टाकल्या आणि दुपारी परत बांधल्या. मी पडवीतून विचारलं, "आई, काळ्या दोघांचं बघितलंत ना?" त्यांनी वळूनही बघितलं नाही. "मी लहानाचं मोठं केलंय त्यांना," एवढंच म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी प्रकाशने हिरव्या चिंधीचा कोंबडा पिशवीत घातला, डोकं बाहेर ठेवलं, आणि स्कूटरवरून अंबरनाथला पोचवून आला. मार्थाबाईंनी डबा दिला. आम्ही रात्री कुलकुलं खाल्ली. सगळं जिथल्या तिथे होतं.

नाताळची पहाट. मला जाग होती. बाहेर धुकं, नळाला अजून पाणी नाही, शेजारच्या गोठ्यात कोणीतरी खाकरलं. आणि परसातून बांग आली. भरदार, लांब, थेट वेशीपर्यंत. कुठेही न तुटलेली.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "यो कोन आरवला?"

 पुन्हा तीच बांग. मग खाटेची करकर, पायांचा आवाज, आणि खुराड्याची फळी पडली. मी बाहेर गेले तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या, बगलेत काळा कोंबडा, त्याच्या पायाला तांबडी चिंधी. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. उंच बाई एकदम लहान दिसत होती.

"देवीचा गेला," त्या म्हणाल्या. "मीच बांदलं."

प्रकाश डोळे चोळत आला. त्याने परिस्थिती बघितली आणि, पुरुषांना सुचतं तसं, सोपं उत्तर काढलं. "आये, दोघं सारखेच आहेत. हाच देवीला देऊ. तिला काय कळतंय?"

"कबूल केलेलाच लागतो. बदली चालत नाय."

"मग आपण बोलायचंच नाही कोणाला."

"कोंबरं झाकून उजारायचं रातं काय?" त्या ओरडल्या. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली.  नवसावर माझा विश्वास होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या क्षणी माझे दोन्ही हात पोटावर गेले होते.

पुढचं सगळं घाईत झालं. शेजारच्या बाळूचा टेम्पो भाजी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात निघाला होता, तो अंबरनाथवरून जायचा. सासूबाई आणि मी पुढे, मांडीवर डालगं, डालग्यात मार्थाबाईंचा खरा कोंबडा. प्रकाश मागे मुळ्यांच्या जुड्यांवर. मामंजी घरी, गुरांपाशी.

बाळूने डालग्याकडे बघून विचारलं, "काकी, याचं हाफ तिकीट लावू का फुल?"

"तू गारी चालव."

"नाही, आपलं विचारलं. खिडकीची सीट पकडलीय त्यानं."

"बाल्या, तुझ्या बारशाला मी घुगऱ्या खाल्ल्यात. गप चालव."

तो गप्प झाला, पण हसत होता. धुक्यात रस्ता दिसत नव्हता. अंबरनाथ जवळ आलं. कारखान्यांचे भोंगे नाहीत, रस्ते रिकामे, आणि मध्येच एखाद्या घरावर कागदाचा तारा, आतला दिवा अजून जळतोय. आदल्या रात्री प्रार्थनेला जाऊन आलेली माणसं उशिरा झोपली असणार. सासूबाई पुटपुटत होत्या. मला वाटलं देवीचं नाव घेताहेत. नीट ऐकलं तर म्हणत होत्या, "उशिरा उठ गो मार्था. आज जरा उशिरा उठ."

मार्थाबाई उशिरा उठणाऱ्यातल्या नव्हत्या. फाटकाशीच वास आला. भाजलेलं खोबरं, मिरे, दालचिनी, आणि त्याखाली गावठी कोंबड्याचा तो दाट, गोड वास, जो कशातच लपत नाही. सासूबाई पायरीवर बसल्या. डालगं बाजूला ठेवलं. आतला कोंबडा मान बाहेर काढून मोठ्याने आरवला.

मार्थाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मागून त्यांचे मिस्टर, पीटरकाका, नवाकोरा शर्ट, दाढी अर्धी केलेली.

"अगं, तुम्ही? आणि हा कोण?" मार्थाबाईंनी डालग्याकडे बोट केलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुला काही होतंय का? पोटात दुखतंय?"

"मला नाही," मी म्हटलं. "आईंना."

सासूबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, धुरीपासून. आदल्या वर्षीचं बाळही सांगितलं, जे त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "देवीचा कोंबरा घरच्यांनीच खायचा. उंबऱ्याबाहेर न्यायचा नाय. उरवायचा नाय. आता त्यातलं एक बी नाय ऱ्हायलं."

पीटरकाका स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणजे आता आम्ही काय खायचं?"

"तुम्ही दाढी पुरी करा," मार्थाबाई म्हणाल्या. मग त्या सासूबाईंशेजारी पायरीवर बसल्या, हात झटकले. "मला एक सांगा. पातेलं उंबऱ्याच्या आत आहे ना?"

"हाय."

"ते बाहेर न्यायचं नाही. मग तुम्ही आत या. सगळ्या घरच्यांना बोलवा आणि इथंच संपवा. उरवायचं नाही ना? उरणार नाही, ही माझी जबाबदारी."

सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब चालू झालेला मला दिसला. त्या नियम तपासत होत्या, एकेक, भोपळा दाबून बघावा तसा.

"आनी तुमी?" त्या म्हणाल्या. "तुमी काय बगत बसनार?"

"आम्ही भात-वरण खाऊ."

"नातालला?" सासूबाई ताडकन उठल्या. "माज्या प्रकाशला पयला हात तुजा लागला. आईच्या आधी तुजा. तू घरची नाय त कोन घरचं? ए प्रकाश, जा, बापाला घेऊन ये. गुरांना पेंढा टाकून यायला सांग."

प्रकाश पीटरकाकांची स्कूटर घेऊन गेला. आणि त्या सकाळी त्या घरात जे सुरू झालं, त्याला काय म्हणावं मला कळत नाही. नाताळ होता, आणि नवसही होता. मी खुर्चीवर बसून लसूण सोलली. सासूबाईंनी मार्थाबाईंच्या चुलीपुढे ठाण मांडलं, रश्शाची चव घेतली आणि "खोबरं बरं भाजलंयस" म्हणाल्या. ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. मला ती पहिल्यांदा मिळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. कोपऱ्यात गवताचा गोठा मांडला होता, मातीची मेंढरं, गव्हाणीत बाळ. सासूबाईंनी तो निरखून बघितला. "कोंबऱ्या नाय ठेवल्या गोठ्यात?" त्यांनी विचारलं. "गोठा म्हनला की कोंबऱ्या पायजेत." मार्थाबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी ठेवू. आणि खरंच पुढच्या वर्षी मातीची एक कोंबडी तिथे आली, मेंढीपेक्षा मोठी.

नैवेद्याचा प्रश्न आला. आधी देवीला दाखवायला हवा. पण देवी बदलापुरात. सासूबाईंनी केळीचं पान मागितलं, त्यावर भात, रस्सा आणि वर कोंबड्याचं काळीज ठेवलं. ते देवीच्या मानाचं. नैवेद्य झाला की आमच्या घरी ते नेहमी मामंजींच्या ताटात जायचं.

"बदलापूर कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

पीटरकाका, आता गुळगुळीत दाढीने, खिडकीशी गेले. "असं," त्यांनी हात केला. "त्या कारखान्याच्या धुराड्याच्या सरळ."

"धुराड्याला नैवेद दाखवू?"

"धुराड्याच्या पलीकडे हो! धुराड्याला कोण दाखवतंय?"

मामंजी तोवर आले होते, टोपी बदलून. त्यांनी सूर्य बघितला आणि दिशा थोडी डावीकडे केली. यावर दोघे म्हातारे बराच वेळ वाद घालत राहिले. शेवटी सासूबाईंनी दोघांच्या मधली दिशा धरली, पान वर केलं आणि खिडकीत ठेवलं. मार्थाबाई आणि पीटरकाका शांत उभे राहिले. मग त्यांनी त्यांची जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, मराठीतच, आणि आम्ही शांत उभे राहिलो. डालग्यातला कोंबडा परसात सोडला होता. तो मार्थाबाईंच्या मिरच्यांच्या वाफ्यात पाय घालून उकरत होता आणि कोणी त्याला हाकललं नाही.

माझी मुलगी चैत्रात झाली, मार्थाबाईंच्याच देखरेखीखाली, सुखरूप. आता ती स्वतः तिशी ओलांडून गेली आहे आणि कोंबडी फक्त मसाल्यात ओळखते. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी, अंबरनाथच्या त्या छोट्या घरात, चैत्र फार लांब होता. चटईवर पंगत बसली होती. वडे गरम होते, रश्शावर तर्री होती, पीटरकाका आशेने पातेल्याकडे बघत होते, आणि सासूबाई जेवायला सुरुवात करत नव्हत्या. त्या सुरुवात करत नाहीत म्हणून कोणीच करत नव्हतं.

"मार्था," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "देवीनं मनावर घेतलं त?"

मार्थाबाईंनी वडा हातातच धरला होता. "आज काय आहे?"

"नाताल."

"म्हणजे काय झालंय आज?"

सासूबाईंनी गोठ्याकडे बघितलं. "बाल झालंय."

"मग बाळ झालेल्या घरी जेवायला आलेल्या बाईवर कुठली देवी रागावते?"

सासूबाईंनी पदर खोचला. मग त्या उठल्या, खिडकीतल्या केळीच्या पानापाशी गेल्या आणि देवीच्या मानाचं काळीज उचललं. मामंजींनी सवयीने आपलं ताट पुढे केलं. त्या त्यांच्यावरून पुढे आल्या, माझ्यासमोर वाकल्या आणि ते माझ्या ताटात ठेवलं.

"खा पोरी," त्या म्हणाल्या. "दोगांचं हाय."